पुण्यात राहून भूगर्भशास्त्र शिकायचं, तर शिकायला आहे काय? सगळीकडे एकच काळा दगड!

मुरूम | मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी शिरूर तालुक्यातली, पुण्यात वसतिगृहात राहून बीएस्सी करतेय. पहिलं वर्ष संपत आलं आणि आता मुख्य विषय कुठला ठेवणार ते लिहून द्यायचंय. रसायनशास्त्र की भूगर्भशास्त्र, यात अडकलेय. खरं सांगायचं तर भूगर्भशास्त्र मी वेळापत्रकात बसत होतं म्हणून घेतलं. पण गोडी लागली. प्रॅक्टिकलला हातात खनिजाचा तुकडा दिला की नखानं ओरखडा उठतो का, नाणं लागतं की चाकू, चिनी मातीच्या फरशीवर घासल्यावर रेघ कुठल्या रंगाची येते, हे सगळं करताना तास कधी संपतो कळत नाही.

प्रश्न असा की पुस्तकात वली आहेत, भ्रंश आहेत, ग्रॅनाइट, संगमरवर, जीवाश्म आहेत. वर्गातून बाहेर पडलं की फक्त बेसाल्ट. वेताळ टेकडी बेसाल्ट, पर्वती बेसाल्ट, सिंहगड बेसाल्ट. पहिल्या सहलीला सरांनी क्लायनोमीटर (थराचा कल मोजायचं यंत्र) हातात दिला आणि स्ट्राइक-डिप काढा म्हणाले, म्हणजे थर कुठल्या दिशेला पसरलाय आणि किती कललाय ते. थर आडवे, त्यामुळे डिप शून्य आणि स्ट्राइक वाट्टेल ते. मुलं नुसती हसत होती.

बाबांचं म्हणणं, दगड बघायला पुण्याला कशाला पैसे भरतेस, आपल्या बांधावर ढीग पडलाय. चेष्टेत म्हणतात, पण त्यांना काळजी आहे हे कळतं. कुणी हा विषय शिकलंय का इथे? पुढे नोकरी? आणि हा एकच दगड बघून तीन-चार वर्षं निघतात का?

चहाबाज | मंगळवार, रात्री १०.५२

वर्षभर नुसतं वाचून शेवटी धागा काढला तो दगडांवर. धन्य आहे. बसतो इथेच, चहा घेऊन.

ओव्हरटाइम | मंगळवार, रात्री ११.३०

मी शिकलोय. बीएस्सी भूगर्भशास्त्र, आता हिंजवडीत कोड लिहितो. यावरून काय समजायचं ते समज.

गुळमुळीत बोलत नाही. नुसत्या बीएस्सीवर फारसं काही मिळत नाही, एमएस्सी करावीच लागते. ती पुण्यात विद्यापीठात होते, किंवा 'जॅम' ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या उपयोजित भूविज्ञानाला जाता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची वेगळी परीक्षा आहे: पूर्व, मुख्य, मुलाखत. त्याच परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळातही जागा भरतात. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय तर पुण्यातच आहे. जागा निघतात तेव्हा निघतात. मधली वर्षं कशी काढायची, हा घरचा प्रश्न. माझ्या घरी तो सुटला नाही.

आणि सहलींबद्दल फार अपेक्षा ठेवू नकोस. तिसऱ्या वर्षाला आमचे पैसे घेतले, सोळा तास बसमधून नेलं आणि खाण दाखवली फाटकाबाहेरून, कारण परवानगीचं पत्रच कुणी पाठवलं नव्हतं. कॉलेजचं नाव घेत नाही. रखवालदारानं बिचाऱ्यानं स्वतःच्या खोलीतून एक खनिजाचा तुकडा आणून दाखवला. तेवढाच आमचा अभ्यास.

काळाकातळ | बुधवार, सकाळी ६.१५

मुरूम, तू स्वतःचं नाव काय ठेवलंयस ते एकदा बघ. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

तुमच्याकडे विहीर खणणारे लोक या एकाच दगडाला किती नावं देतात ते मोज. मुरूम, काळा पाषाण, मांजऱ्या, गेरू. भूजलाच्या कामात माझी तीस वर्षं गेली आणि सुरुवातीची पाच तर या माणसांची भाषा शिकण्यातच गेली. पुस्तकात या सगळ्यावर 'बेसाल्ट' एवढं एकच लेबल. विहीरवाल्याला ते परवडत नाही, कारण काळ्या पाषाणात सुरुंग लावावा लागतो आणि मांजऱ्यात पाणी लागतं.

आता तुझ्या आडव्या थरांकडे ये. लाव्हा वाहत आला, थंड झाला. त्याच्या तळाशी पुष्कळदा बारीक उभ्या नळ्या सापडतात, लाव्ह्यातला वायू वर चढताना राहिलेल्या. मधला भाग घट्ट. वरचा भाग फसफसलेला, बुडबुड्यांच्या भोकांचा, आणि ती भोकं नंतर पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरलेली. तोच तुमचा मांजऱ्या. मग पुष्कळ काळ काहीच आलं नाही. माथा कुजला, त्याची माती झाली. त्या मातीवर पुढचा लाव्हा आला, ती भाजून निघाली आणि विटकरी झाली. घाटात तांबडी पट्टी दिसते ती ही. ती हातभर जाड असली तरी खालच्या आणि वरच्या दोन्ही लाव्ह्यांपेक्षा जास्त काळ तिच्यात असू शकतो.

आम्हाला सरांनी दिवे घाटात सोडलं होतं, पालखीच्या रस्त्यानं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत या आणि लाव्ह्याचे किती थर ते सांगा. आमच्या गटाला चार सापडले, दुसऱ्या गटाला सात. सर म्हणाले, दोघंही परत खाली जा. उन्हं उतरेपर्यंत आम्ही वर-खाली करत होतो. दुसऱ्या फेरीत कळलं की आम्ही घसरून आलेला मोठा धोंडा जागेवरचा कातळ म्हणून मोजला होता आणि त्या गटानं एकाच लाव्ह्याचे तीन फाटे तीन वेगळे थर धरले होते. सरांनी स्वतःचा आकडा शेवटपर्यंत सांगितला नाही. कच्छला, राजस्थानात, सगळीकडे नंतर गेलो, पण बघायला शिकलो ते त्या एका दुपारी.

तुला रसायन सोडवत नाही असं दिसतं. मग सोडू नकोस. सह्याद्रीतले थर डोळ्यांना इतके सारखे दिसतात की ते रसायनावरूनच वेगळे काढावे लागले. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी खालून वर नावं आहेत, सगळी आपल्या फिरण्यातली. बुशेच्या लाव्ह्यात वर येताना वाटेतल्या भूकवचाची भेसळ भरपूर झालेली, आंबेनळीत जवळजवळ नाहीच. हातात दोन्ही तुकडे घेतलेस तर नुसते काळे दगड.

चहाबाज | बुधवार, सकाळी ८.०५

काका, सकाळी सहाला एवढं? मी जंगली महाराज रस्त्यावर राहतो. पाताळेश्वरात जाऊन हातोडा मारून बघू का, बुशे निघतो की आंबेनळी?

काळाकातळ | बुधवार, सकाळी ८.२०

चेष्टेतही नको. आठव्या शतकातलं संरक्षित लेणं आहे. तिथे खिशातलं भिंग पुरतं. खांबाजवळ उभा राहा आणि भोकं कुठे भरलेली, कुठे रिकामी ते बघ, अर्धा तास जाईल. टेकड्यांवरही उठसूट ठोकाठोक करायची नाही. रस्त्याच्या कडेला पडलेला ताजा तुकडा असतोच.

शिंपला | बुधवार, दुपारी १.४५

काळाकातळ काकांचं सगळं मान्य, पण थोडं पक्षपाती आहे. मुरूम, दगडाचं प्रेम कितीही असो, गाळाचे खडक पाहिल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही आणि त्यासाठी दख्खनच्या बाहेर जावंच लागतं. मी एमएस्सीला कच्छला गेले. वीस वर्षं फक्त काळे डोंगर पाहिलेली मी, भुजजवळच्या एका नाल्यात उतरले तर पिवळे, तपकिरी, राखाडी थर एकावर एक, आणि तिरके! क्लायनोमीटर लावला आणि पहिल्यांदा खराखुरा आकडा आला. वेड्यासारखी मी तीनदा मोजला.

तिथे धोसा ऊलाइट म्हणून थर आहे. जवळून माशाच्या अंड्यांसारखे गोल कण दिसतात. त्यात अमोनाइट, म्हणजे समुद्रातल्या नामशेष झालेल्या प्राण्यांचे वेटोळे शिंपले, ताटलीएवढे सुद्धा. सुट्टीत घरी जाऊन आजीच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम पुन्हा पाहिला. भंगलेल्या बाजूनं तीच वेटोळी, तेच कप्पे. तोही अमोनाइटच, गंडकीच्या पात्रातून आलेला, ज्युरासिक काळातला. आजीला सांगितलं, तर म्हणाली, मग देव समुद्रातनंच आला म्हण की. चार महिने मी जे पाठ करत होते ते तिनं एका वाक्यात आटोपलं.

तिथे सापडेल ते खिशात घालायचं नाही. कुठल्या थरातून निघाला ते वहीत नसेल तर जीवाश्म म्हणजे शोभेचा दगड. आधी फोटो शेजारी पेन ठेवून, मग थराचं चित्र, मग जागेची नोंद. त्यानंतर सरांना विचारून उचलायचा का ते ठरवायचं.

आता एक गोष्ट मुलींसाठी, जी माहितीपत्रकात नसते. दिवसभर उघड्या माळावर आडोसा नसतो. मी लाजेनं पाणी पिणंच कमी केलं. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडले, सलाइन लागलं. बरोबरच्या शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही, आम्ही बोललोच नव्हतो. पुढच्या सहलीला आम्ही मुलींनी आधीच सांगितलं की दर तीन तासांनी गाडी गावात किंवा पंपावर थांबलीच पाहिजे. थांबली. इतकं सोपं होतं ते. मासिक पाळीची तारीख बघून सामान जास्तीचं घे, टोपीपेक्षा मोठा सुती रुमाल बरा, आणि नवे बूट सहलीला पहिल्यांदा घालू नकोस.

ओव्हरटाइम | बुधवार, रात्री ११.५०

काल जरा कडवट लिहिलं. ऑफिसातून उशिरा आलो होतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रत्येकाला एक पातळ काप स्वतः करायला लावला होता. दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवायची, कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन काचेवर इंग्रजी आठाच्या आकड्यात घासत राहायची. भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. जाडी ०.०३ मिलिमीटरवर आणायची. मोजणार कशानं? सूक्ष्मदर्शकात बघून. पुस्तकात लिहिलंय क्वार्ट्झच्या रंगावरून ओळखा, पण आपल्या बेसाल्टात क्वार्ट्झ कुठून आणायचा? मग प्लॅजिओक्लेज या बेसाल्टातल्या खनिजाच्या काड्यांवर नजर ठेवायची. त्या पिवळट दिसताहेत तोवर जाड. पिवळेपणा जाऊन राखाडी झाल्या की थांबायचं, कारण एक वळसा जास्त झाला की हातात नुसती काच. माझे दोन काप असे वाहून गेले.

तिसरा जमला. वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीजवळ पडलेला तुकडा होता. रात्री आठ वाजता, शिपाई कुलूप घेऊन दारात उभा, मी सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवतोय. राखाडी पट्ट्यापट्ट्यांच्या काड्या आणि त्यांच्यामध्ये ऑजाइट हे दुसरं खनिज, निळं, जांभळं, केशरी. बाहेरून काळाढुस्स दगड. शिपायालाही दाखवला. तो म्हणाला, साहेब, साडीचा काठ आहे हा.

ती काचपट्टी अजून माझ्या कपाटात आहे. एवढंच.

चहाबाज | गुरुवार, सकाळी ७.३०

ओव्हरटाइम, तू काल विषय सोडायला सांगत होतास आणि आज घ्यायला लावतोयस.

सिव्हिलकाका | गुरुवार, सकाळी १०.१०

नोकरीबद्दल थोडं. आमच्यासारख्यांना भूगर्भवाले लागतात, फक्त वेळेवर बोलावलं जात नाही. मी घाटातल्या एका बोगद्यावर होतो. घट्ट बेसाल्टात काम झकास चाललेलं, आणि एका सकाळी छतात तांबडा थर लागला. वर काकांनी ज्याचं एवढं कौतुक केलंय तोच. कोरडा असताना विटेसारखा, पाणी लागलं की भुगा. दोन महिने गेले आधार देण्यात. नंतर कळलं, बोअरच्या नमुन्यांच्या पेट्यांत तो थर व्यवस्थित दिसत होता. पेट्या उघडून बघणारं कुणी नेमलंच नव्हतं.

आणि माळीणची दरड विसरू नका. ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुका, दीडशेहून जास्त माणसं गेली. उतारावर कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा जाड थर, त्यात मुरलेला पाऊस. आपल्याच जिल्ह्यात अशा उतारांवर कितीतरी वाड्या आहेत. त्या उतारांवर चालत जाऊन भेगा बघणारी माणसं हवीत.

खडीमशीन | गुरुवार, दुपारी १२.२५

अवांतर आहे, पण वाघोलीला पंधरा वर्षं राहतो. खाणींची धूळ, डंपर आणि खोकला एवढंच आम्हाला माहीत. इथे बघण्यासारखं काही आहे का?

शिंपला | गुरुवार, दुपारी १२.५०

अहो, वाघोलीच्या नावानं जगभरचे खनिज संग्राहक कान टवकारतात! तिथल्या खाणींत कॅव्हनसाइट निघालं, मोरपंखी निळं, कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं सिलिकेट. स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेले त्याचे गोंडे परदेशातल्या संग्रहालयांत 'वाघोली, पुणे' अशा चिठ्ठीसह ठेवलेले असतात. लाव्ह्याच्या पोकळ्यांतली ही गारगोट्यांची दुनिया बघायची तर सिन्नरला 'गारगोटी' संग्रहालय आहे, पोरांना घेऊन जा. खाणीत मात्र परवानगीशिवाय शिरू नका, सुरुंगाच्या वेळा पाळल्या नाहीत तर जीव जातो.

खडीमशीन | गुरुवार, दुपारी १.०५

म्हणजे धूळ आम्हाला आणि निळं परदेशात. बरं.

काळाकातळ | गुरुवार, रात्री ९.००

खडीमशीन, यावर बोलायला माझ्याकडे काही नाही. खरं आहे.

मुरूम, ग्रॅनाइट नाही म्हणालीस म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी एमएस्सीला होतो. आदल्याच वर्षी परीक्षेत 'दख्खनचं पठार स्थिर आहे' असं लिहून मार्क मिळवले होते. काही आठवड्यांनी आम्ही काही जण तिथे गेलो. गावाबाहेर एका शेतात जमीन फाटून वर उचललेली होती. उंची फार नव्हती, पण सरळ नांगरटीच्या तासांमधून गेलेली. त्या शेताच्या मालकानं विचारलं, आता हे परत होईल का? आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. परतीच्या एसटीत कुणी बोललं नाही.

बेसाल्टच्या पांघरुणाखाली काय आहे, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही माझा. कोयनेला १९६७ च्या भूकंपाच्या भागात संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटचा जुना पाया लागला. मध्ये गाळाचे थर नाहीतच. तेव्हा ग्रॅनाइट आहे. फक्त आपण त्याच्या छपरावर राहतो.

मुरूम | सोमवार, रात्री ९.२०

उशिराबद्दल सॉरी. घरी गेले होते. सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. शिंपला ताईंच्या आजीचं वाक्य त्यांना फार आवडलं.

रविवारी विहिरीत उतरले, बाबा वर दोर धरून. बेचाळीस फूट आहे. वही प्लास्टिकच्या पिशवीत, फीत कमरेला. वर माती, मग मुरूम नऊ फुटांपर्यंत. त्याखाली काळा पाषाण, सुरुंगाच्या पहारीच्या खुणा अजून दिसतात. तो एकोणतीस फुटांच्या आसपास संपतो आणि त्याच्या अगदी तळाला, काका, नळ्या! करंगळीएवढ्या, पांढऱ्या भरलेल्या, ओळीनं. मी खालून ओरडले, तर बाबांना वाटलं साप. त्याखाली गेरू, दीड फूट, बोटानं खरवडला की निघतो, आणि त्याच्या वरच्या कडेनं पाणी झिरपत होतं. त्याखाली मांजऱ्या, पाण्याच्या पातळीपर्यंत.

वर आल्यावर चित्र काढून दाखवलं. बाबांनी मुरमाचा आकडा दुरुस्त केला, म्हणाले, उत्तरेच्या बाजूला मुरूम जास्त होता, तू एकाच बाजूनं मोजलंस. मग बराच वेळ चित्राकडे बघत बसले. म्हणाले, मांजऱ्या लागला की पाणी लागतं हे आम्हाला ठाऊक, पण तो खालच्या लाव्ह्याचा माथा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि लगेच, मग खालच्या रानात बोअर कुठं घ्यायची ते सांग. म्हटलं, ते अजून शिकवलं नाही.

आज फॉर्म दिला. मुख्य विषय भूगर्भशास्त्र, जोडीला रसायन. ओव्हरटाइम दादा, परीक्षांची माहिती वहीत उतरवून घेतलीय.

ओव्हरटाइम | सोमवार, रात्री ९.४५

काप करायला लावतील तेव्हा भरड पुडीवर फार वेळ काढू नकोस. आणि नळीचा तुकडा सुटा मिळाला तर एक माझ्यासाठी.

काळाकातळ | सोमवार, रात्री १०.०२

उत्तम. दक्षिणेची बाजूही मोजून घे, बाबांचं बरोबर आहे. नळ्या सरळ उभ्या आहेत की कललेल्या? कललेल्या असतील तर त्यावरून लाव्हा कुठे वाहत गेला याचा अंदाज येतो. दहा-बारा नळ्यांची दिशा घे, एकीवर भरवसा ठेवू नकोस. मोबाइलवरचं होकायंत्र चालेल, पण रहाटाच्या लोखंडी चाकाजवळ धरलंस तर काहीच्या काही दाखवेल. कातळालाही टेकवू नकोस, त्यातही लोह आहे.

मुरूम | सोमवार, रात्री १०.१५

मी चाकाखालीच धरलं होतं. पूर्व लिहिलंय वहीत, ते खोडते. परत उतरावं लागणार. बाबांना आत्ताच फोन केला, म्हणाले, पुढच्या रविवारी, पण आधी दोर बदलू.